मृतांसाठी गाणारे मॉरिस द्युरूफ्ले



फ्रान्सचे संगीतकार मॉरिस द्युरूफ्ले यांचा जन्म १९०२ चा. दहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना रूआँ येथील कॅथेड्रलच्या गायनशाळेत ठेवले. घर सुटल्याचे दुःख मोठे होते. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळात चर्चची प्राचीन ग्रेगोरियन गीते त्यांच्या मनात रुजली. १९४४ साली त्याच कॅथेड्रलवर बॉम्ब पडले. मृतांच्या मिस्साच्या ग्रेगोरियन गीतांवर द्युरूफ्ले यांनी ‘रेक्विएम’ रचले आणि दिवंगत वडिलांच्या स्मृतीस अर्पण केले. २ नोव्हेंबर १९४७ रोजी, सर्व मृतांच्या दिनी, युद्धात आप्त गमावलेल्या फ्रान्समध्ये ते प्रथम रेडिओवर ऐकवले गेले. १९८६ साली ते प्रभूघरी गेले.

गायनवृंदातील मुलांनो, आज शिकलेले गीत उद्या कुणाच्या तरी अश्रूंची प्रार्थना होईल.