मंद आचेवरचा कवी

रश्श्याविषयी बोलायला कोल्हापुरात कुणाला आमंत्रण लागत नाही. म्हणूनच सू दोंगपो या चिनी कवीची ओळख मी त्याच्या पातेल्यापासून करून देणार आहे.

मूळ नाव सू शी. जन्म १०३७ चा, सिच्वान प्रांतातील मेइशानचा. ऐन विशीत, १०५७ मध्ये, तो राज्यसेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे वांग आन-शी या प्रधानाच्या नव्या कायद्यांखाली प्रजा भरडली जाताना त्याला दिसली, आणि ते त्याच्या कवितेत उतरले. १०७९ मध्ये त्याच कविता त्याच्याविरुद्ध पुरावा ठरल्या. शंभराहून अधिक दिवस तुरुंगात काढल्यावर जीव वाचला. पण यांगत्सेकाठच्या ह्वांगचौ या आडगावी त्याची रवानगी झाली. हुद्दा नावापुरता, अधिकार काहीच नाही, आणि पगारही बंद.

महिन्याची ४५०० नाणी तो ३० जुडग्यांत बांधून तुळईला टांगी. रोज सकाळी एकच जुडगा खाली काढायचा. त्यातून उरेल ते बांबूच्या नळकांड्यात, पाहुण्यांसाठी. १०८१ मध्ये गावाच्या पूर्वेकडील उतारावरची पडीक जमीन तो कसू लागला. पूर्वेचा उतार म्हणजेच दोंगपो. त्या रानाचे नाव त्याने स्वतःला घेतले.

दरबारी मंडळींत तेव्हा मान मेंढीच्या मटणाला होता. डुकराचे मांस ह्वांगचौत कवडीमोल मिळे. दोंगपोने तेच चुलीवर चढवले. पाणी बेताचे, जाळ दबलेला, घाई मुळीच नाही. या कृतीवर त्याने एक छोटी रचनाही केली. स्वस्त तुकड्यांत कातडी आणि चिवट तंतू फार. भडक जाळावर असे मांस आक्रसून वातड होते. मंद आचेवर तेच तंतू काही तासांत विरघळतात आणि रस्सा दाट होतो. आपल्याकडे पायाचा रस्सा ओठांना चिकटतो तो याचमुळे. हांगचौ शहरात आज त्याच्या नावाने जो पदार्थ मिळतो, त्यात पोटाकडचे कातडीसकट चौकोनी तुकडे, पातीचा कांदा, आले, तांदळाची दारू, सोयाबीनचा सॉस आणि खडीसाखर असते.

दिवस पालटले. १०८९ मध्ये तो हांगचौचा सुभेदार झाला. गाळाने भरलेला तेथील पश्चिम सरोवर त्याने उपसला आणि त्याच गाळाचा लांब बांध घातला. कामकऱ्यांना त्याने हेच मांस खाऊ घातले, अशी दंतकथा आहे. १०९४ मध्ये पुन्हा हद्दपारी, १०९७ मध्ये थेट हायनान बेटावर. माफी मिळून परतताना ११०१ मध्ये चांगचौ येथे त्याने देह ठेवला. नंतर दरबाराने त्याच्या लेखनावरही बंदी घातली.

पदरी आले ते गोड मानून घेणारा माणूस, असे त्याचे चित्र रंगवले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्या ह्वांगचौत त्याचे पातेले रटरटत होते, तिथेच १०८२ मध्ये त्याने लाल कड्यावरच्या आपल्या अजरामर रचना लिहिल्या. दरबाराने त्याचा हुद्दा आणि पगार काढून घेतला. कशाला मोल द्यायचे, हे मात्र त्याने स्वतःच्याच हाती ठेवले. पदवीनंतर नोकरीची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्याकडून घ्यावे ते हेच.