राणीच्या बागेतले डॉक्टर

आमच्या अकलोलीला गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीच्या दर्शनाला आलेली मंडळी तानसा नदीकाठच्या या कुंडांत स्नान करतात, घटकाभर विसावतात आणि आनंदाने परततात. आम्हा गावकऱ्यांना मात्र सहल म्हटली की आठवते ती मुंबईची राणीची बाग! लहानपणी एकदा वडिलांबरोबर मी तिथे गेलो होतो. प्राणी पाहून झाल्यावर आम्ही बागेला लागून असलेल्या एका जुन्या, भव्य इमारतीत शिरलो. आत काचेच्या कपाटांत निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांच्या मातीच्या बाहुल्या होत्या. भिवंडीत यंत्रमागावर राबणारे, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेले माझे वडील त्या कपाटांपुढून हलेनात. बाहेर पडताना मी त्यांना संग्रहालयाचे नाव वाचून दाखवले. हे भाऊ दाजी लाड कोण, असे त्यांनी मला विचारले. मला सांगता आले नाही. ते उत्तर कॉलेजात आल्यावर मी शोधले. तेच इथे मांडतो.

भाऊंचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म इ. स. १८२२ मध्ये गोव्यात झाला. बुद्धिबळातील त्यांची चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिक्षण द्यावे असे वडिलांना सुचवले, असे सांगतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि तेथेच शिक्षकही झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. स्थिर नोकरी हाती असतानाही ते नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८५१ साली पहिल्या तुकडीबरोबर उत्तीर्ण झाले.

डॉक्टर म्हणून त्यांनी अमाप कीर्ती मिळवली. गोरगरिबांना ते मोफत औषध देत. महारोगावर गुणकारी औषध शोधण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. मुलींच्या शाळांना त्यांनी मदत केली. अजिंठ्याच्या लेण्यांतील व गिरनारच्या शिलालेखांचा अभ्यास केला. एका माणसाने एका आयुष्यात किती कामे करावीत!

परंतु माझ्या वडिलांच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे, ते काम वेगळेच. मुंबईत कलाकुसरीच्या वस्तूंचा एक सरकारी संग्रह होता. १८५७ च्या धामधुमीत त्याची वाताहत झाली. पुढच्याच वर्षी नागरिकांची सभा भरून लोकवर्गणीतून नवे संग्रहालय बांधण्याचे ठरले. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्याला कोनशिला बसली. बागही त्याच वर्षीची. १८६५ साली शेअरबाजार कोसळला, देणगीदार बुडाले, काम रेंगाळले. भाऊंचीही बहुतेक सर्व संपत्ती त्यात गेली. तरीही इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी भाऊ निवर्तले.

या बागेत इतिहासाने आणखी एक गंमत केली आहे. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडून फुटला. ते तुकडे याच बागेत आले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. फोर्टमधला काळा घोडा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा, १९६५ साली येथेच हलवण्यात आला. ज्यांच्यापुढे माना लवत, ते पुतळे आता सुटीच्या दिवशी पोरे कुतूहलाने पाहतात. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पती आल्बर्ट यांच्या नावाच्या त्या संग्रहालयाला १९७५ साली भाऊंचे नाव देण्यात आले. बागही आता वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते.

ग्रंथालयात शिरायला अक्षरे यावी लागतात. बागेत शिरायला फक्त पाय लागतात. म्हणूनच बागेशेजारी उभ्या राहिलेल्या त्या संग्रहालयाचे मला मोल वाटते. भाऊंच्या मनात हाच विचार होता की नाही, हे मी कसे सांगावे? पण माझ्यापुरता पुरावा माझ्याजवळ आहे. विरंगुळ्यासाठी आलेला एक मागवाला तिथे थबकला, त्याने प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नामागे त्याचा मुलगा कॉलेजच्या ग्रंथालयापर्यंत पोहोचला. येत्या सुटीत वडिलांना घेऊन मी पुन्हा भायखळ्याला जाणार आहे. या वेळी उत्तर माझ्याजवळ असेल.

(द्वितीय वर्ष, कला)