एकदा गायलं की संपलं! अब्दुल करीम खाँसाहेब आणि कापता न येणारं रेकॉर्डिंग

आज गाणं रेकॉर्ड करताना एक सूर चुकला, तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडता येतो. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांना ही सोय नव्हती.

१८७२ साली उत्तरेतल्या कैराना गावी जन्मलेले खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायले, पुढे महाराष्ट्रात आले आणि इथलेच झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शेवटी बिऱ्हाड मिरजेत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची लेक.

मैफलीत एकेक राग निवांत फुलवणाऱ्या या गवयाला तबकडीची एक बाजू मिळायची जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. आवाज थेट मेणाच्या चकतीवर कोरला जायचा. कसं झालंय म्हणून ती लगेच वाजवून पाहावी, तर सुईने खाचच बिघडायची! चूक झाली की नवी चकती आणि अख्खं गाणं पहिल्यापासून. तरीही त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐका, घाई कुठे जाणवतच नाही. हीच ठुमरी सैगल १९३५ च्या ‘देवदास’मध्ये गायले.

पुढे टेप आली, ब्लेडने कापून चिकटवता येऊ लागली. मग डिजिटल आलं. आता सगळं सोपं झालं असं वाटेल, पण १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने आणलेल्या सुपर ऑडिओ सीडीत जुनीच अडचण वेगळ्या रूपात परतली. त्यातल्या डीएसडी पद्धतीत सेकंदाला २८,२२,४०० नोंदी होतात आणि प्रत्येक नोंद फक्त ० किंवा १. एकेका नोंदीत आवाजाची पातळी नसते, ती ० आणि १ च्या दाटीवरून कळते. त्यामुळे आवाज थोडा कमी करायचा किंवा दोन तुकडे अलगद एकमेकांत मिसळायचे, तर मधले आकडे लागतात आणि ते एका बिटात मावत नाहीत. मग रेकॉर्डिंग बहु-बिट रूपात न्यायचं, दुरुस्त करायचं, परत एका बिटात आणायचं. प्रत्येक फेरीत थोडा गोंगाट वाढतो. म्हणून काही जण अशा रेकॉर्डिंगला हातच लावत नाहीत, सरळ एका दमात गाऊन घेतात.

१९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना रेल्वेत अस्वस्थ वाटू लागलं. ते सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर उतरले. तंबोरा जुळवून फलाटावरच दरबारीत प्रार्थना गायले आणि तिथेच गेले, असं सांगतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी गाणं होतं.