मुलांची भीती घालवणाऱ्या मेरीबाई

आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझा तीन वर्षांचा नातू कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरतो. मी त्याला परोपरीने समजावले, भित्री भागूबाई म्हणून चिडवलेही. उपयोग शून्य. मंडळाने स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा सूनबाईने तिच्या अभ्यासातले एक नाव सुचवले : मेरी कव्हर जोन्स.

मेरीबाईंचा जन्म १८९७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, जॉन्सटाउन येथे झाला. १९१९ साली व्हासार या मुलींच्या कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वॉटसन यांचे व्याख्यान ऐकले. अन्नाबरोबर वरचेवर एखादी खूण केली तर पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियातील पावलॉव्ह यांनी दाखवले होते. वॉटसन यांनी तोच नियम एका वर्षाच्या आतल्या मुलाला लावून पाहिला. मूल पांढऱ्या उंदराकडे गेले की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा! थोड्याच दिवसांत ते मूल नुसता उंदीर पाहून रडू लागले. आणि ती भीती तशीच मनात घेऊन तेथून गेले. हे वाचून मला फार राग आला. या कामात वॉटसन यांची साहाय्यक होती रोझाली रेनर, मेरीबाईंची कॉलेजातली मैत्रीण.

मेरीबाईंनी प्रश्न उलटा केला. भीती अशी जडवता येते, तर उतरवता का येऊ नये? १९२० साली हॅरॉल्ड जोन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण काम सुटले नाही. तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची ७० मुले घेऊन त्यांनी सात रीती पडताळल्या. वस्तू दृष्टीआड ठेवणे, तोंडी समजूत घालणे, चारचौघांत हसे करणे, लक्ष दुसरीकडे वेधणे वगैरे. खात्रीच्या ठरल्या त्या दोनच : भीतीच्या वस्तूची आवडत्या गोष्टीशी सांगड घालणे, आणि न भिणाऱ्या मुलांची संगत. माझ्या दोन्ही रीती नापास!

त्यांतला पीटर हा मुलगा दोन वर्षे दहा महिन्यांचा. ससा, उंदीर, लोकरी केसांचा कोट, पिसे, कापूससुद्धा पाहून तो घाबरे. आधी त्याला न भिणाऱ्या तीन मुलांबरोबर सशाजवळ खेळू दिले. बरीच प्रगती झाली. पण मध्येच त्याला तांबडा ताप आला आणि दोन महिने रुग्णालयात राहावे लागले. परतताना दारातच एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सारे मुसळ केरात.

मग दुसरी रीत. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा त्याचे खाणे थांबणार नाही इतक्याच अंतरावर आणायचा. आधी बारा फूट, मग चार, मग तीन. घाई मुळीच नाही, कारण घाई केली तर सशाची भीती जाण्याऐवजी खाऊचीच भीती बसायची, हे मेरीबाई जाणून होत्या. शेवटी ससा पीटरची बोटे कुरतडू लागला तरी त्याला काही वाटेना. कापूस, कोट, पिसे यांची भीतीही आपोआप गेली.

हा लेख १९२४ साली छापला गेला, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९२७ साली जोडपे कॅलिफोर्नियात बर्कलेला गेले. तेथे १९३२ पासून मेरीबाईंनी सुमारे २०० शाळकरी मुलांचा अभ्यास हाती घेतला, आणि ती मुले प्रौढ झाली तरी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दोन मुलींचा संसार होताच. पती प्राध्यापक, या मात्र कित्येक वर्षे नुसत्या संशोधन-सहयोगी. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले १९५९ साली, निवृत्तीच्या आदल्या वर्षी! (आपल्यापैकी नोकरी केलेल्या भगिनींना हे नवे वाटणार नाही.) १९६० सालीच हॅरॉल्ड वारले. पुढे भीतीवर उपचार करणारे वोल्पे यांनी या उपचारपद्धतीचे मातृत्व मेरीबाईंना दिले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

नातवाला आता मी कुकर लावण्याआधी गॅलरीत नेऊन शिरा देते, स्वयंपाकघराचे दार लोटून. दोन आठवड्यांत आमची पाटी गॅलरीतून बैठकीच्या खोलीपर्यंत सरकली आहे. परवा मी घाई करून दार उघडेच ठेवले. शिरा तसाच टाकून स्वारी पलंगाखाली. आज पुन्हा गॅलरी.