वेध आणि वर्दी

शिवडीचा किल्ला इंग्रजांनी 1680 च्या सुमारास बांधला तो पूर्वेकडील समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. तरीही 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान सैन्यासह उतरला तो याच शिवडीस. पहारा असणे ही एक गोष्ट, आणि पहाऱ्यावरून दिसलेले संकट लोकांना वेळेवर कळणे ही दुसरी. वादळासही हाच न्याय लागू पडतो. वेध घेणे आणि वर्दी देणे ही दोन्ही व्रते ज्यांच्या एकाच आयुष्यात एकत्र आली, त्या बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण म्हणूनच करावयाचे.

कोकणातील पोंभुर्ले गावी 1812 मध्ये जन्मलेले बाळशास्त्री शिक्षणासाठी मुंबईस आले. 6 जानेवारी 1832 रोजी, ऐन विशीत, त्यांनी ‘दर्पण’ काढले. त्याच्या पानांवर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असे. राज्यकर्त्यांच्या भाषेतले ज्ञान रयतेच्या भाषेत आले पाहिजे, हा त्यामागील आग्रह होता. 1834 पासून एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी अध्यापन केले. दादाभाई नौरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यांनी शास्त्रीय विषय मराठीत आणले.

कुलाब्याची वेधशाळा कंपनी सरकारने 1826 मध्ये स्थापिली. या वेधशाळेचे संचालकपदही बाळशास्त्रींनी काही काळ सांभाळले. वादळाची आगाऊ सूचना देण्याची साधने त्या काळी नव्हती. तारायंत्र यावयाचे होते, हवामान खाते तर 1875 मध्ये स्थापन झाले. त्याआधीच, मे 1846 मध्ये, जेमतेम चौतिशीत बाळशास्त्रींचे निधन झाले.

आज उपग्रह आहेत, रडार आहेत. जून 2020 मधील ‘निसर्ग’ आणि मे 2021 मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांची चाहूल आधी लागली होती. ‘तौक्ते’च्या वेळी कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर गेला. वेध सुधारला, यात शंका नाही. वर्दीचे काय?

बंदरावर चढणाऱ्या धोक्याच्या बावट्याचा अर्थ दर्यावर्दी माणसास पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तो पाहून होडी हाकारावयाची की नाही, हे ठरते. परंतु पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशाऱ्याचे रंग शिवडीत पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबास नेमके काय करावयास सांगतात? घर केव्हा सोडावे, कोणत्या शाळेत आसरा घ्यावा, म्हाताऱ्या माणसास कोणी न्यावे, या प्रश्नांची उत्तरे रंगात नसतात. ती वॉर्डातील कचेरीने, शिक्षकांनी आणि चाळीतील जाणत्यांनी आकाश निरभ्र असतानाच ठरवून ठेवावयाची असतात.

वेधशाळेतील आकड्याचे घराघरांतील कृतीत भाषांतर होत नाही, तोवर इशारा अपुराच. ‘दर्पण’कारांचा वारसा सांगणाऱ्या शहराने हे भाषांतराचे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये.