कावसजी

अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरचा टिपू सुलतान व इंग्रज यांच्यात मोठे युद्ध झाले. त्या काळी फौजेच्या तोफा आणि सामानसुमान बैलांच्या बळावर चालत असे. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणाऱ्यांत कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी होता.

१७९२ च्या सुमारास तो टिपूच्या हाती सापडला. तेथे त्याचा एक हात व नाक कापण्यात आले. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्यास निवृत्तिवेतन दिले. परंतु गेलेले नाक वेतनाने थोडेच परत येणार! अब्रू जाणे यालाच आपल्या भाषेत नाक कापले जाणे म्हणतात. काहीही अपराध नसताना तो कलंक कावसजीच्या मुखावर उमटला होता.

सुमारे एक वर्षाने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. हा कारागीर विटा बनवणाऱ्या जातीचा होता. त्याची रीत मोठी कुशलतेची होती. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवावयाचे. मग ते सपाट करून कपाळावर ठेवावयाचे आणि त्याभोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवावयाची. मात्र दोन भुवयांमधील एक चिंचोळी पट्टी न कापता तशीच राखावयाची. ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवीत आणि वर ओल्या काथाने माखलेल्या कापडाच्या पट्ट्या लावीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवीत. राखलेल्या पट्टीतून रक्त वाहत राही, म्हणून कातडी जिवंत राही. सुमारे पंचविसाव्या दिवशी, सांधा जुळून आल्यावर, ती पट्टी कापून टाकीत.

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही हकीकत कावसजीच्या चित्रासह प्रसिद्ध झाली. कारागिराचे नाव मात्र तेथे छापले गेले नाही. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने प्रथम प्रेतांवर अभ्यास केला आणि १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. त्यानंतर ही विद्या युरोपभर पसरली.

आज शल्यविशारद शरीरातच हळूहळू विरघळून जाणारे धागे, पट्ट्या व स्क्रू वापरतात. जखम भरून येईपर्यंत ते आधार देतात आणि मग नाहीसे होतात. काम होईतो आधार द्यावा, मग शरीराला आपल्या बळावर उभे राहू द्यावे, हे तत्त्व पुण्याच्या त्या अनामिक कारागिराच्या हातांना ठाऊक होते. कावसजीचा चेहरा त्याची साक्ष देतो.