बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

विद्यार्थिमित्रहो, सायंकाळीं शाळा सुटल्यावर पटांगणांत बास्केटबॉल खेळतांना हा खेळ कोठून आला, असा प्रश्न तुमच्यापैकीं किती जणांच्या मनांत येत असेल? हुतूतू किंवा आट्यापाट्या यांच्याप्रमाणें तो वाडवडिलांपासून चालत आलेला नाहीं. एका तरुण शिक्षकानें आपल्या वर्गाची अडचण दूर करण्यासाठीं विचारपूर्वक तो निर्माण केला. त्या शिक्षकाचें चरित्र लहानथोरांस सारखेंच बोधप्रद आहे.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील आंटारिओ प्रांतांत, आल्माँट गांवाजवळ झाला. आईबाप स्कॉटलंडहून आलेले, कष्टाळू व धर्मशील. १८७० सालीं विषमज्वरानें दोघांनाही नेलें आणि नऊ वर्षांचा जेम्स व त्याचीं भावंडें पोरकीं झालीं. आजीनें व पुढें पीटर यंग या अविवाहित मामानें त्यांचा सांभाळ केला. मामा शिस्तीचा कडक होता. घरचें व शेतावरचें काम प्रत्येकानें केलेंच पाहिजे, असा त्याचा दंडक असे. जेम्सनें मध्येंच शाळा सोडली व कांहीं वर्षें तो जंगलांत लांकूडतोड्यांबरोबर राबला. परंतु विद्येवांचून आपलें जीवित फुकट जाईल, हें उमगतांच तो आपल्याहून लहान मुलांच्या शेजारीं वर्गांत येऊन बसला. त्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. १८८७ सालीं माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यानें मिळविली आणि नंतर धर्मोपदेशक होण्यासाठीं ईश्वरविद्येचें शिक्षणही पुरें केलें.

कॉलेजांत असतांना नेस्मिथ फुटबॉलच्या संघांत खेळत. धर्मोपदेशक होऊं पाहणाऱ्यानें असा दांडगा खेळ खेळावा, हें त्या काळीं पुष्कळांना रुचत नसे. पुढें व्यासपीठ सोडून त्यांनीं व्यायामशाळेची वाट धरली, तेव्हां त्यांच्या सख्ख्या बहिणीला तें मनापासून कधींच पटलें नाहीं. आप्तांची नाराजी सोसणें सोपें नसतें. परंतु तरुणांचें शील जसें उपदेशानें घडतें तसें खेळाच्या मैदानावरही घडतें, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणून १८९० सालीं ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकांसाठीं असलेल्या विद्यालयांत दाखल झाले.

तेथें १८९१ च्या हिवाळ्यांत एक पेंच उभा राहिला. बाहेर बर्फ, त्यामुळें मैदानी खेळ बंद. आंत त्याच त्या कवायतीला विद्यार्थी कंटाळलेले. अठरा जणांचा एक वर्ग तर इतका हट्टी होता कीं, आधींच्या शिक्षकांनीं हात टेंकले. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोंपविला आणि घरांत खेळतां येईल असा नवा खेळ शोधून काढण्यास चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथ यांनीं मैदानी खेळ थोडे बदलून पाहिले; पण अंगाला मार बसूं लागला. मुदत संपत आली.

तेव्हां त्यांनीं शांतपणें कारणाचा शोध घेतला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडविण्यासाठींच धक्काबुक्की होते. मग चेंडू घेऊन पळूंच दिलें नाहीं तर? आणि लक्ष्य समोर असलें म्हणजे चेंडू जोरानें मारला जातो. तें डोक्याच्या वर आडवें ठेवलें तर जोराचा उपयोग न राहतां नेम व संयम यांचा उपयोग होईल. येथें त्यांना बाळपणचा एक खेळ आठवला. मोठ्या धोंड्यावर ठेवलेला दगड दुरून दुसऱ्या दगडानें पाडावयाचा. त्यांत जोरानें भिरकावण्यापेक्षां कमानीसारखा हळूच टाकलेला दगड अधिक उपयोगी पडे. त्यांनीं तेरा नियम लिहून काढले. शिपायाकडे दोन खोकीं मागितलीं, तीं त्याच्याजवळ नव्हतीं. त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फूट उंचीवर सज्जाला ठोकल्या गेल्या. एका बाजूस नऊ व दुसऱ्या बाजूस नऊ गडी उभे राहिले आणि त्या डिसेंबरांत पहिला सामना झाला. दोन्ही बाजू मिळून टोपलींत चेंडू पडला तो एकदांच. आणि तोही काढण्यासाठीं कोणाला तरी वर चढावें लागलें!

पहिल्या स्त्री-खेळाडूंत मॉड शेर्मन नांवाची तरुणी होती. १८९४ सालीं तिचा व नेस्मिथ यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली व दोन मुलगे झाले. संसार संभाळीत असतांनाच डेन्व्हर येथें वैद्यकाचा अभ्यास करून १८९८ सालीं ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराचे व व्यायामशिक्षणाचे प्रमुख म्हणून गेले. बाकीचें आयुष्य त्यांनीं तेथेंच वेंचलें. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या सेवेसाठीं ते फ्रान्समध्यें गेले, तेव्हां मुलांचा व घराचा सारा भार मॉडबाईंनीं उचलला. थोर पुरुषांच्या कीर्तींत अशा गृहिणींचा वांटा केवढा असतो, हें आपण विसरूं नये.

कॅन्ससच्या संघाला त्यांनीं १९०७ पर्यंत शिकविलें. त्या काळांत ५५ सामने जिंकले गेले व ६० हरले. ज्यानें खेळ निर्माण केला त्याच्याच नांवावर विजयांपेक्षां पराजय अधिक, हें ऐकून तुम्हांस हंसूं येईल. त्यांना मात्र त्याची खंत नव्हती. कॉलेजचे सामने ते आवडीनें पाहत, पण गुणांच्या फलकापेक्षां खेळाडूंचें वर्तन त्यांना अधिक मोलाचें वाटे. १९३० नंतरच्या दशकांत जॉन मॅक्लेंडन हा निग्रो विद्यार्थी तेथें आला. वर्णभेदामुळें विद्यापीठाच्या संघांत त्याला प्रवेश नव्हता. वृद्ध डॉक्टरांनीं त्याला जवळ केलें, खेळाचें शास्त्र शिकविलें व मार्ग दाखविला. पुढें तोच अमेरिकेंतील नामवंत शिक्षक झाला. संघाच्या कोणत्याही विजयाहून हा विजय मोठा नव्हे काय?

या खेळापासून त्यांनीं द्रव्य मिळविलें नाहीं. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हां प्रवासखर्चासाठीं खेळाच्या चाहत्यांनीं वर्गणी जमविली. अंतिम सामना भर पावसांत, चिखलानें भरलेल्या उघड्या मैदानावर झाला. एका बाजूस त्यांची जन्मभूमि कॅनडा, दुसऱ्या बाजूस त्यांनीं आपली मानलेली अमेरिका. अमेरिकेनें १९ विरुद्ध ८ गुणांनीं सामना जिंकला. आपली टोपली जगभर पोंचलेली त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. पण जिनें ती प्रथम हौसेनें पाहिली होती ती सहधर्मचारिणी त्या वेळीं जवळ नव्हती, आणि १९३७ सालीं तिनें इहलोकींची यात्रा संपविली. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं डॉक्टरांनींही लॉरेन्स या गांवीं देह ठेवला.

त्यांचा खेळ आपल्याकडेही रुजला. मुंबईच्या नागपाड्यांत अमेरिकन मराठी मिशननें १९२७ सालीं नेबरहूड हाउस उघडलें, आणि तो दाट वस्तीचा भाग बास्केटबॉलपटूंचें माहेरघर म्हणून प्रसिद्धीस आला.

मुलांनो, वर्ग दंगेखोर आहे म्हणून नेस्मिथ यांनीं त्याला शिक्षा केली नाहीं. त्याच्या शक्तीला वाट काढून दिली. पालकहो, सायंकाळीं मूल घामानें भिजून, कपडे मळवून घरीं आलें तर रागावण्यापूर्वीं क्षणभर या शिक्षकाची आठवण करा. मैदानावर मूल काय शिकून आलें, हें त्याला प्रेमानें विचारा. आणि सामना हरून आलें असेल, तर त्या दिवशीं अधिकच प्रेमानें विचारा.